लोकमान्यांची साखर

एक ऑगस्ट जवळ आला की आमच्या घरी दरवर्षी तोच गोंधळ. लेकीच्या शाळेत टिळक पुण्यतिथीची भाषणं असतात आणि भाषण लिहून द्यायचं काम ठरल्याप्रमाणे माझ्या गळ्यात येतं. शेंगांच्या टरफलांची गोष्ट, केसरी, गणेशोत्सव, मंडाले, गीतारहस्य... दहा ओळी झाल्या की टाळ्या! गेल्या जुलैत मात्र लेकीने अट घातली. सगळे सांगतात ते नको, काहीतरी नवीन हवं. मी म्हटलं, बघते.

त्या वेळी माझ्या डाव्या दंडाला मोठ्या बटणाएवढी एक पांढरी चकती चिकटवलेली होती. रोवणीचे दिवस, चिचगडला पावसाची झड लागलेली. शेजारपाजारच्या बायका येता-जाता विचारायच्या, हे काय ताई, इंजेक्शन पिकलं का? मी सांगायची, नाही हो, साखर मोजायचं यंत्र आहे. त्यांना खरं वाटायचं नाही. रक्त काढत नाही, सुई टोचत नाही, मग मोजते कशी?

तर मैत्रिणींनो, त्या चकतीच्या खाली केसासारखी बारीक तार असते. ती कातडीखाली जराशी आत जाते आणि तिथल्या पाण्यासारख्या द्रवातली साखर मोजते. माझ्या चकतीत दर पंधरा मिनिटांनी एक नोंद होत होती. दिवसाच्या ९६ नोंदी, चौदा दिवसांच्या १३४४! चौदा दिवसांनी डॉक्टर ती वाचणार होते. तोवर मला आकडे दिसणार नव्हते. मी फक्त काय खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि गोळी कधी घेतली, ते वहीत लिहायचं.

मला साखरेचा आजार होऊन सहा वर्षं झाली. उपाशीपोटीची तपासणी बरी यायची, तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडाही काठावर पण ठीक यायचा. मी खूश, घरचे खूश. पण दुपारी जेवण झालं की डोळ्यांवर अशी झापड यायची की भांडी तशीच पडून राहायची. तळपायाला मुंग्या यायच्या. वय झालं, कामाचा शीण असेल, असं म्हणून मी सोडून देत होते. आपण बायका स्वतःच्या बाबतीत हेच तर करतो!

चकती लागली आणि त्याच आठवड्यात भाषणासाठी म्हणून मी टिळकांचं जाडजूड चरित्र वाचायला घेतलं. आणि वाचता वाचता थबकलेच. लोकमान्यांना मधुमेह होता. शाळेत इतकी वर्षं टिळक शिकले, पण हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मग मी ते सगळं चरित्र साखरेच्या चष्म्यातूनच वाचलं.

बाळ गंगाधर टिळक जन्मले ते २३ जुलै १८५६ रोजी, रत्नागिरीत. दहा वर्षांचे असताना आई पार्वतीबाई गेल्या, सोळाव्या वर्षी वडील गंगाधरपंत गेले. त्याच्या आधीच, १८७१ साली, लग्न झालेलं होतं. बायको कोकणातल्याच बाळ घराण्यातली, माहेरचं नाव तापी, सासरचं सत्यभामा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा टिळक अंगाने किरकोळ होते. त्यांनी काय करावं? पहिलं एक वर्ष पुस्तकं जवळजवळ बाजूला ठेवली आणि तालीम केली. कुस्ती, पोहणं, व्यायाम, भरपूर खाणं. त्या वर्षी अभ्यास मागे पडला, पण शरीर कमावलं ते जन्माला पुरलं. पुढच्या तुरुंगवासांत ती पुंजी कामी आली, असं मला वाचताना सारखं वाटत होतं.

१८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ साली केसरी आणि मराठा, १८८२ साली आगरकरांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस. १८९७ साली राजद्रोहाची पहिली मोठी शिक्षा, दीड वर्षाची. वर्षभराने सुटून आले तेव्हा वजन बरंच उतरलेलं होतं. १९०३ साली थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला. घरावर असे घाव बसत होते आणि बाहेर चळवळ चालूच होती.

मग आलं १९०८ साल. २४ जूनला मुंबईत अटक. २२ जुलैच्या रात्री शिक्षा झाली, सहा वर्षं काळं पाणी आणि हजार रुपये दंड. दुसऱ्या दिवशी त्यांचा बावन्नावा वाढदिवस! आधी साबरमतीच्या तुरुंगात ठेवलं आणि सप्टेंबरात ब्रह्मदेशात मंडालेला नेलं. शिक्षा साध्या कैदेची केली, पण घर समुद्रापलीकडे राहिलं. बावन्न वर्षांचा मधुमेही माणूस, परका मुलुख, लाकडी फळ्यांची खोली. उन्हाळ्यात भट्टी आणि थंडीत फटींतून वारा.

आता विचार करा, त्या काळी मधुमेहाला औषध काय होतं? गोळी नाही, इन्सुलिन नाही. पथ्य, एवढंच औषध! टिळकांनी ते कडक पाळलं. भात-गव्हाचं नेहमीचं जेवण बाजूला ठेवून जवाच्या पिठावर, दूध-दह्यावर ते राहिले. स्वयंपाकाला कुलकर्णी आडनावाचा एक कैदीच दिलेला होता. पुढे त्याने सांगितलेल्या आठवणींमुळे लोकमान्यांचं तुरुंगातलं राहणं आपल्याला कळतं. भाताच्या मुलुखात राहणाऱ्या आपल्यासारखीला विचारा, दोन वेळचा भात सोडणं म्हणजे काय! आमच्या गोंदियाकडे भात नाही तर जेवण नाही. आणि कोकणात जन्मलेला माणूस तो, भातावरच वाढलेला.

अशा पथ्यात त्यांनी गीतारहस्य लिहिलं. १९१०-११च्या हिवाळ्यात, पाचेक महिन्यांत, शिसपेन्सिलीने. त्याच खोलीत जर्मन, फ्रेंच, पाली या भाषांचा अभ्यास केला. ठरलेल्या वेळी उठणं, ठरलेल्या वेळी खाणं, वाचणं, लिहिणं. मला वाटतं, त्यांच्या आजाराला त्या शिस्तीचाच आधार झाला असणार.

पण एक गोष्ट माझ्या मनातून जाईना. हे पथ्य लागू पडतंय की नाही, हे त्यांना कळायचं कसं? त्या काळी साखर बघायची ती लघवीत. लघवीला मुंग्या लागतात हे तर आपल्या जुन्या वैद्यांनाही ठाऊक होतं. पुढे निळ्या रंगाचं औषध निघालं. ते लघवीबरोबर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी होत होत विटकरी लाल झालं तर पुष्कळ साखर. रक्तातली साखर मोजायला बरंच रक्त काढावं लागे आणि ते मोठ्या प्रयोगशाळांचं काम होतं. शिवाय लघवीची एक खोड आहे. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत सहसा उतरतच नाही. म्हणजे आत १७० असली तरी नळीतलं औषध निळंच दिसणार. आणि साखर फार खाली गेली तर? ते लघवी कधीच सांगणार नाही. तिथे सगळा अंधार.

म्हणजे लोकमान्य सहा वर्षं अंदाजानेच आपला आजार सांभाळत होते. पथ्य डोळसपणे केलं, पण ते कितपत लागू पडतंय ते दाखवणारा दिवा हातात नव्हता.

त्याच काळात पुण्याला सत्यभामाबाई घर सांभाळत होत्या. नवरा मंडालेला असतानाच, १९१२ च्या जूनमध्ये त्या गेल्या. टिळकांना ती बातमी तुरुंगातच कळली. एक्केचाळीस वर्षांचा संसार आणि शेवटची भेटही नाही. आमच्या शाळेतल्या भाषणांत सत्यभामाबाईंचं नाव मी एकदाही ऐकलेलं नाही. लेकीच्या भाषणात ते मी पहिल्यांदा घातलं.

१९१४ च्या जूनमध्ये टिळक सुटून पुण्याला आले, ते मध्यरात्री. वय अठ्ठावन्नाच्या घरात. दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. यांनी १९१५ साली गीतारहस्य छापलं, १९१६ साली होमरूल लीग काढली, गावोगाव सभा केल्या. १९१८ साली खटल्यासाठी विलायतेला गेले, पुढच्या वर्षी खटला हरले आणि १९१९ च्या नोव्हेंबरात परत आले. १९२० च्या जुलैत मुंबईत सरदारगृहात उतरले असताना ताप आला. तापाचं रूपांतर न्यूमोनियात झालं. मधुमेह असलेल्या शरीराला असे आजार जास्त जड जातात, हे आज सगळे डॉक्टर सांगतात. १ ऑगस्टला मध्यरात्र उलटल्यावर लोकमान्य गेले. भर पावसात सारी मुंबई रस्त्यावर आली. गिरगाव चौपाटीवर त्यांना अग्नी दिला.

आता पुढची तारीख बघा. १९२१ सालची ३० जुलै. टिळकांना जाऊन वर्ष व्हायला दोन दिवस कमी. त्या दिवशी कॅनडातल्या टोरांटो शहरात बँटिंग आणि बेस्ट या दोघांनी मधुमेह असलेल्या एका कुत्र्याला स्वादुपिंडाचा अर्क पहिल्यांदा टोचला आणि त्याची साखर उतरली. तेच पुढचं इन्सुलिन. १९२२ च्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा दिलं. जो मुलगा काही दिवसांचा सोबती वाटत होता, तो त्यावर पुढे तेरा वर्षं जगला. इन्सुलिन असतं तर लोकमान्य वाचले असते, असं मी म्हणणार नाही. न्यूमोनियावरही तेव्हा नेमकं औषध नव्हतं. पण काळ किती थोडक्यात चुकतो!

औषध आलं, तरी मोजण्याचं कोडं राहिलंच. बोटातल्या थेंबाची पट्टी आली ती १९६० नंतरच्या दशकात. मग घरी वापरायचं छोटं यंत्र आलं. पुढे तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी आली, ज्याला आपण एचबीएवनसी म्हणतो. १९९३ साली अमेरिका-कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल लागला. लहानपणी किंवा तरुणपणी होणारा, इन्सुलिनवाचून न चालणारा मधुमेह असलेली १४४१ माणसं त्यात होती. ज्यांची साखर काटेकोर सांभाळली, त्यांचे डोळे, मूत्रपिंडं आणि नसा खूप चांगल्या राहिल्या. पण त्याच लोकांत साखर एकदम खाली जाऊन चक्कर, बेशुद्धी येण्याचे प्रकार तिपटीने वाढले! सरासरी सुधारली, पण खड्डेही वाढले. सरासरीत खड्डे दिसत नाहीत, हेच तर दुखणं.

आपल्या भाषेत सांगू? पोळी एका बाजूने करपली आणि दुसऱ्या बाजूने कच्ची राहिली, तर सरासरी पोळी छान भाजली! पण खाणार कोण?

म्हणून दंडावरची चकती. असं यंत्र पहिल्यांदा १९९९ साली अमेरिकेत मंजूर झालं. आता तर नवीन गोळी किंवा इन्सुलिन तपासताना संशोधक फक्त सरासरी विचारत नाहीत. दिवसातले किती तास साखर ७० ते १८० च्या मध्ये राहिली, असं विचारतात. २०१९ साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून माप ठरवलं. बहुतेक मधुमेहींनी दिवसाचा ७० टक्क्यांहून जास्त वेळ, म्हणजे साधारण सतरा तास, या पट्ट्यात राहावं. सत्तरच्या खाली ४ टक्क्यांहून कमी वेळ, म्हणजे तासाभराच्या आत. म्हाताऱ्या आणि गरोदर बायकांसाठी मापं वेगळी आहेत, ती डॉक्टरांनाच विचारायची.

आता माझी गोष्ट. डॉक्टरांनी मला ही चकती का लावली? त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, घरात कुणाला सिकलसेल आहे का. आमच्या देवरी तालुक्यात हा प्रश्न नवा नाही. गोंदिया-गडचिरोलीकडे कितीतरी घरांत सिकलसेल आहे. मी स्वतः वाहक आहे, आणि माझ्या चुलत बहिणीला आजारच आहे. डॉक्टरांनी समजावलं, तीन महिन्यांची ती तपासणी लाल पेशींना किती साखर चिकटली ते बघते. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते म्हणून तीन महिन्यांचा हिशेब लागतो. पण सिकलसेलच्या रुग्णाची पेशी दहा-वीस दिवसांतच मोडते. साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटाच चांगला येतो. वाहकांत फरक थोडाच पडतो. पण जी काठावर उभी आहे, तिला थोडाही पुष्कळ झाला.

चौदा दिवसांनी कागद हातात आला. डोंगर-दऱ्यांचं चित्र काढावं तशी रेघ. सकाळी १०५ ते ११८, अगदी शहाण्यासारखी. म्हणूनच माझी उपाशीपोटीची तपासणी चांगली यायची! पण दुपारचा भात झाला की रेघ सरळ वर, २६० पर्यंत. झापड येते ती हीच वेळ. रात्रीच्या भातानंतर पुन्हा डोंगर. चोवीस तासांतले जेमतेम चौदा तास मी पट्ट्यात होते, ५८ टक्के.

आणि श्रावणी सोमवार! सकाळी नेहमीप्रमाणे गोळी घेतली, दिवसभर नुसता चहा. चारच्या सुमाराला हात थरथरले, घाम आला. मी देवाचं नाव घेऊन पडून राहिले. कागदावर त्या वेळी आकडा होता ५६. डॉक्टरांनी तो बोटाने दाखवला आणि माझ्या पोटात गोळा आला. घरी एकटीच होते त्या दिवशी. संध्याकाळी उपास सोडताना साबुदाण्याची खिचडी खाल्ली, तर रेघ २८० वर! देवाला मी काय दिलं, आणि स्वतःला काय केलं?

चूक माझीच होती. उपास आहे हे मी डॉक्टरांना कधी सांगितलंच नव्हतं. त्यांनी गोळी बदलून दिली आणि उपासाला काय करायचं ते लिहून दिलं. भात मी सोडला नाही, वाटीवर आणला. आधी भाजी आणि वरण, भात शेवटी. जेवणानंतर अंगणात वीस मिनिटं फेऱ्या. आता बोट टोचून बघते तेव्हा दुपारचा आकडा १९० च्या आसपास असतो. अजून उतरायचा आहे, पण झापड गेली.

चकतीला काही हजार रुपये लागतात. प्रत्येकीला ते जमणार नाही, मलाही पुन्हा पुन्हा जमणार नाही. आणि ती सर्वज्ञ नाही. रक्तातला बदल तिच्यात पाच-पंधरा मिनिटं उशिरा दिसतो, आणि रात्री त्याच कुशीवर झोपलं तर दाबामुळे आकडा खोटाच खाली दाखवते. पण चकतीशिवायही दिवस बघता येतो. दोन-तीन दिवस बोटाची तपासणी करायची. उपाशीपोटी, प्रत्येक जेवणानंतर दोन तासांनी आणि झोपताना. शेजारी खाणं लिहायचं. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जायचं. घरात सिकलसेल असेल तर ते आपणहून सांगायचं. उपास असेल तर आधी विचारायचं. गोळी मात्र आपल्या मनाने कमी-जास्त करायची नाही. आणि हात थरथरले, घाम फुटला तर उपास असो नसो, आधी तोंडात साखर घालायची. देव रागावत नाही.

आपल्याकडे म्हणतात, शितावरून भाताची परीक्षा. भाताचं ठीक आहे हो, साखरेचं तसं नाही. सकाळचं एक शीत शिजलेलं निघालं म्हणून सगळा दिवस शिजलाय असं नसतं. मी सहा वर्षं एकेक शीत चाचपत बसले.

लेकीचं भाषण छान झालं. टरफलांची गोष्ट होतीच, पण तिने जवाच्या पिठाचं आणि निळ्या औषधाचंही सांगितलं, सत्यभामाबाईंचं नाव घेतलं. परत आल्यावर तिने विचारलं की टिळकांच्या दंडाला अशी चकती असती तर काय झालं असतं. मी म्हटलं, ते कुणालाच सांगता यायचं नाही. पण एवढं खरं, बघायला काही नसताना त्या माणसाने सहा वर्षं पथ्य मोडलं नाही. आणि आपल्याकडे बघायला आहे, तर आपण बघत नाही.

त्या संध्याकाळी मी चुलत बहिणीला फोन केला. तिची तीन महिन्यांची तपासणी नेहमीच फार छान येते. परवा आम्ही दोघी मिळून डॉक्टरांकडे जाऊन आलो.